पोषणाची गोळी आणि गिरणीतली बाई



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "तुम्ही कामगारांत वावरणारे. तुम्हांला जीवनसत्त्वांच्या गोळ्यांशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचा पदवीधरही नव्हे. शाळेत थोडे शिकलो. उरलेले युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी बसून शिकलो. तेव्हा कोणती गोळी कोणी घ्यावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसे मी सांगणारही नाही. पण ही गोळी आली कोठून, कोणाच्या शरीरावरून तिचा शोध लागला, हा इतिहास सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो. कारण त्या इतिहासाचा एक मोठा अध्याय मुंबईच्या गिरणगावात लिहिला गेला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका साध्या प्रसंगाने. आमच्या कचेरीत एक निवृत्त कामगार आले. वय सदुसष्ट-अडुसष्ट, आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांनी कापडी पिशवीतून एकामागून एक सहा बाटल्या आणि डबे काढून माझ्या टेबलावर मांडले. एक हाडांसाठी, एक गुडघ्यांसाठी, एक डोळ्यांसाठी, एक स्मरणशक्तीसाठी, एक सर्वांगीण शक्तीसाठी आणि एक डबा प्रथिनांच्या भुकटीचा. काही मुलाने आणून दिल्या होत्या, काही शेजाऱ्यांनी सुचविल्या होत्या, काही जाहिरात पाहून घेतल्या होत्या. मग खिशातली चिठ्ठी पुढे करून ते म्हणाले, "भाऊ, ह्यांचा महिन्याचा खर्च माझ्या पेन्शनीच्या वर जातो. ह्यांतल्या कुठल्या ठेवू आणि कुठल्या सोडू, तेवढं सांगा." दादांची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजनेतली. त्या योजनेत २०१४ साली किमान पेन्शन दरमहा एक हजार रुपये ठरली, एवढ्यावरून श्रोत्यांना कल्पना यावी.

मी दादांना डॉक्टरांकडे पाठविले. पण ते गेल्यावर त्या सहा बाटल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. म्हणून वाचू लागलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अन्नात पोट भरणाऱ्या पदार्थांखेरीज आणखी काही अत्यल्प, पण अत्यावश्यक द्रव्ये असतात, हे मानवाला कळले कसे? ज्यांच्या ताटात काय पडावे हे दुसरा कोणी ठरवीत असे, अशा माणसांच्या दुखण्यावरून कळले. १७४७ साली जेम्स लिंड या स्कॉटिश आरमारी वैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरी आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला तो १७९५ साली. मधली अठ्ठेचाळीस वर्षे खलाशी मरतच होते. शोध लागणे एक आणि तो शिध्यात उतरणे दुसरे. हे अंतर आपल्याला पुढेही पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

दुसरे उदाहरण जावा बेटाचे. तेथे आइकमन या डच डॉक्टरांना दिसले की, सडीक पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की तो हटतो. कोंबड्यांचे माणसाला लागू पडते काय, हे पाहण्यासाठी फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावामधल्या शंभर तुरुंगांतला भात तपासला. जेथे पांढरा तांदूळ, तेथे बेरीबेरी. जेथे कोंड्याचा, तेथे जवळजवळ नाही. पुढे १९१२ साली कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिले. आपण त्यांना जीवनसत्त्व म्हणतो. खलाशी आणि कैदी यांच्या पोटातून हे शास्त्र जन्मले. तिसरी पाळी गिरणी कामगारांची होती.

आता मुंबईकडे येऊ. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास हे सरकारी अधिकारी होते. कामगारांचे पुढारी नव्हते. त्यांच्या अहवालाचा एक निष्कर्ष मी तरुणपणी वाचला तेव्हापासून विसरलो नाही. कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळाच्या सरकारी संहितेतल्या कमाल शिध्याएवढे आहे. पण मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्याला जेवढा शिधा ठरला आहे त्याहून ते कमी आहे. मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर खर्च करूनही ही स्थिती. म्हणजे ज्या माणसाच्या श्रमावर शहराचे वैभव उभे होते, त्याचे ताट दुष्काळपीडित आणि कैदी या दोघांच्या मध्ये कोठे तरी होते.

हा हिशेब सगळ्या कुटुंबाचा झाला. कुटुंबाच्या आत बाईचे ताट कोठे होते, ते त्या कोष्टकांत दिसत नाही. त्या काळात गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. पहाटे उठून भाकऱ्या बडवायच्या, नवऱ्याला, दिराला, पोरांना वाढायचे, उरेल ते फडक्यात बांधून भोंग्याला पोहोचायचे. तान्हे मूल असेल तर ते घरी म्हातारीपाशी किंवा शेजारणीपाशी. ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. ही चाल किती सार्वत्रिक होती, हे त्या काळच्या सरकारी तपासण्यांतही नमूद आहे. पोषणाच्या गोळीचा इतिहास सांगताना हे विसरता येत नाही: गिरणगावातल्या बाळाच्या तोंडात पडणारी पहिली गोळी भूक भागविणारी नव्हती, ती भूक निजविणारी होती.

अशा शहरात १९२८ साल उजाडले. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परसंबंध त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप चालला. जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत संशोधनासाठी आल्या.

विल्सबाईंचा जन्म १८८८ चा. हिंदुस्थानातल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर करीत होत्या. त्यांनी विल्सबाईंना बोलावून घेतले. प्रश्न असा होता. गरोदर बायकांत एक जबरदस्त रक्तक्षय दिसे. बाई पांढरीफटक पडे, जिना चढताना धापा टाकी आणि पुष्कळदा मूल होण्याआधी किंवा होताच दगावे. लोहाच्या अभावाने होणाऱ्या नेहमीच्या रक्तक्षयात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या रोगात त्या उलट मोठ्या आणि अपक्व असत. म्हणून लोह देऊन भागत नसे. आणि हा रोग सर्व बायकांना सारखा होत नसे. गरिबांत तो अधिक, गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांत विशेष, आणि गरीब मुसलमान बायकांत सर्वांत जास्त.

दुसरा एखादा संशोधक सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता जंतूच शोधत बसला असता. जंतू विल्सबाईंनीही शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी डॉ. तळपदे यांच्याबरोबर मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. रोग्याचे रक्त तपासायचे आणि रोग्याचे ताटही तपासायचे, अशी ही पद्धत. ज्या बायकांचे अन्न सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा रोग सर्वांत अधिक, हे तिच्यातून स्पष्ट झाले.

पुढची पायरी प्रयोगाची. गरीब बायका जे खात तसलेच अन्न त्यांनी उंदरांना दिले. उंदीर रक्तक्षयाने खंगले आणि यीस्ट घातल्यावर सावरले. परंतु त्या उंदरांना उवांमार्फत एक संसर्गही झाला होता असे निघाले, त्यामुळे तो पुरावा भरवशाचा राहिला नाही. बाईंनी माकडांवर पुन्हा प्रयोग केले. तेच अन्न, तोच रक्तक्षय, आणि उतारा एकच: यीस्टचा अर्क. इंग्लंडात बिअरच्या कारखान्यातल्या उरलेल्या यीस्टपासून 'मार्माइट' नावाचा एक काळसर, खारट पदार्थ करीत. तो पावाला लावून खात. किंमत स्वस्त. तोच विल्सबाईंनी मुंबईच्या रोगी बायकांना दिला. बायका सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

या शोधातला स्वस्तपणा मला महत्त्वाचा वाटतो. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी याच्याशी साम्य असलेला पर्निशस अॅनिमिया रोज भरपूर यकृत खाऊ घालून बरा होतो असे दाखविले होते. पण गिरणीतल्या बाईला रोज पावशेर-अर्धा शेर कलेजी कोठून आणणार? तिला जे परवडेल आणि जे तिच्या धर्माआड येणार नाही, त्यातच उपाय शोधणे भाग होते. गरिबीच्या या अटीमुळेच विज्ञानाला एक नवी वाट सापडली. पुढे असेही दिसले की, पर्निशस अॅनिमिया बरा करणारे यकृताचे शुद्ध केलेले अर्क या बायकांना लागू पडत नाहीत, पण कच्चे अर्क लागू पडतात. म्हणजे द्रव्य निराळेच होते. त्याला तेव्हा नाव नव्हते. 'विल्स फॅक्टर' म्हणत.

त्या द्रव्याला नाव मिळाले १९४१ साली. अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून त्याचा अल्पसा अंश वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हटले. शुद्ध रूपात ते प्रयोगशाळेत बनविले ते १९४५ साली, न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. या माणसाची कहाणी निराळ्या व्याख्यानाची आहे. दोन भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या रोगाने गेले, स्वतःलाही तोच रोग जडला आणि वैद्यांच्या उपचाराने ते वाचले. अमेरिकेत गेल्यावर पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल म्हणून रोग्यांची भांडी उचलली. ज्या द्रव्याचा शोध त्यांच्या हाताखाली पुरा झाला, ते स्प्रूवरही लागू पडते. १९४८ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते वारले. परळपासून पर्ल रिव्हरपर्यंत या गोळीचा प्रवास असा झाला.

त्याचा पुढचा टप्पा १९९१ सालचा. सात देशांतल्या ३३ केंद्रांत १८१७ स्त्रियांवर एक चाचणी झाली. या स्त्रियांना पूर्वी पाठीचा कणा किंवा मेंदू नीट न मिटलेले मूल झालेले होते. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतलेल्या स्त्रियांत तसे दुसरे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. फायदा इतका उघड होता की, चाचणी मुदतीआधी थांबविली. गर्भाच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. म्हणून हे द्रव्य आधीपासून शरीरात असावे लागते. ही गोळी थोतांड नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. गोळ्यांची सरसकट टिंगल करणारा माणूस विल्सबाईंच्या रुग्णांशी अप्रामाणिक होतो.

मुंबईत आणि कुन्नूरमध्ये मिळालेल्या या ज्ञानाला पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट बाटलीत गेली. ती आपल्याला रोज जाहिरातीत दिसते. दुसरी वाट पगारात गेली. तिची जाहिरात कोणी केली नाही. म्हणून ती सांगतो.

दक्षिणेत निलगिरीत कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना देऊन पाहिले होते; १९२९ सालच्या उन्हाळ्यात विल्सबाईंनीही तेथे काम केले. मॅककॅरिसन यांच्यानंतर १९३५ साली अॅक्रॉइड हे तेथले प्रमुख झाले. त्यांनी आपल्या देशातल्या अन्नपदार्थांची पोषणमूल्ये मांडून समतोल आहाराचे हिशेब केले. हीच संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९५७ साली दिल्लीला पंधरावी भारतीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसले आणि गरजेवर आधारलेले किमान वेतन कसे मोजावे हे ठरविले. अन्नाच्या मापासाठी त्यांनी घेतला तो अॅक्रॉइड यांचा हिशेब. कापड माणशी अठरा वार, घरभाडे, इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. पण पाया आहाराचा. ज्या देशात पस्तीस वर्षांपूर्वी कामगाराचे ताट कैद्याच्या ताटाशी ताडून पाहिले होते, त्या देशात आहारशास्त्र वेतनाच्या वाटाघाटीच्या टेबलावर आले. तो ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता आणि त्याची अंमलबजावणी किती झाली हे आपण जाणतो. पण वाटाघाटीत त्याचा आधार घेतला नाही असा युनियनचा कार्यकर्ता विरळा.

येथे आम्हां कामगार पुढाऱ्यांचा एक दोषही कबूल केला पाहिजे. त्या सूत्रात कामगाराचे कुटुंब तीन एककांचे धरले आहे. कर्ता पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. उष्मांकांच्या दृष्टीने हे चुकीचे नसेल. पण शरीराला लागणारे लोह उष्मांकांच्या हिशेबाने चालत नाही. पाळी येणाऱ्या स्त्रीला पुरुषाहून अधिक लोह लागते, गरोदर स्त्रीला त्याहूनही अधिक. ज्या ज्ञानाची सुरुवात गिरणीतल्या गरोदर बाईच्या ताटापासून झाली, त्या ज्ञानावर बेतलेल्या सूत्रात त्या बाईचे पोट आठ-दशांश झाले आणि गरोदरपणाचा तर रकानाच राहिला नाही. मी कित्येक वर्षे हे सूत्र गेट-मीटिंगमध्ये घडाघडा म्हणत आलो. तो ०.८ माझ्या कधी डोळ्यांत भरला नाही. दादांच्या बाटल्यांनी तो भरविला.

१९९१ सालीच, म्हणजे ज्या वर्षी फॉलिक अॅसिडची चाचणी पुरी झाली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. १९५७ च्या परिषदेच्या कसोट्यांत न्यायालयाने आणखी एक घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ व थोडी करमणूक, लग्नकार्य आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी किमान वेतनाच्या पंचवीस टक्के धरावे. ही कंपनी औषधे आणि पोषक आहाराचे पदार्थ बनविणारी होती. पोषणाचे डबे भरणाऱ्या हातांना स्वतःच्या ताटासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

आता आयुष्याच्या निरनिराळ्या अवस्थांत या गोळ्यांचे काय झाले, ते थोडक्यात पाहू. काही ठिकाणी यश निर्विवाद आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटतो हे सिद्ध केले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ते आयोडीन आज आपल्या भाजीत न कळत पडते. त्यासाठी बाटली लागत नाही, इच्छाशक्तीही लागत नाही. सर्वांत उत्तम पूरक अन्न ते, जे गरिबाला निराळे विकत घ्यावे लागत नाही.

लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी सरकारने गरोदर स्त्रियांना १९७० पासून द्यावयास घेतली. पुढे शाळकरी मुलींना आठवड्याची निळी गोळीही आली. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. अर्धशतक गोळी वाटूनही असे का? गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती डब्यातच राहते. घेतली तरी तिच्या मागोमाग चहा घेतला तर लोह अंगी कमी लागते, हे कोणी सांगितलेले नसते. पोटात जंत असतात. आणि सर्वांच्या मुळाशी, गोळीच्या भोवती जे जेवण असावे लागते तेच अपुरे असते. बाळंतिणीला आळिवाचे आणि डिंकाचे लाडू देण्याची आपली चाल शहाणपणाची आहे. पण ज्या घरात गूळ, तूप आणि खोबरे आहे त्या घरातलीच ती चाल आहे. दारोदार ही गोळी पोहोचविणाऱ्या आशाताईला आपण स्वयंसेविका म्हणतो आणि वेतनाऐवजी मानधन देतो. तिचे स्वतःचे रक्त कोणी तपासले असेल काय?

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात निघाले ते आपल्याला विचार करावयास लावणारे आहे. तेथल्या सुमारे दोन-तृतीयांश मातांत बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होते. फॉलेट कमी असलेली मात्र एकच. ज्या मातांत फॉलेट भरपूर आणि बी-बारा कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. बी-बारा मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या घरचे दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते, तेथे ते कमी पडणारच. विल्सबाईंच्या काळी एका द्रव्याची वाण होती, आज त्याच्या जोडीदाराची आहे. नव्वद वर्षांपूर्वीचे उत्तर आज जसेच्या तसे उचलून चालणार नाही. पुन्हा ताटच तपासले पाहिजे.

आणि आता म्हातारपण. उतारवयात जठरातले आम्ल कमी होते, त्यामुळे अन्नातले बी-बारा नीट शोषले जात नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधानेही ते घटते. अशा माणसाला नुसते फॉलिक अॅसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणजे योग्य गोळी, पण चुकीच्या माणसाला, हीसुद्धा अपाय करू शकते. याचे ढळढळीत उदाहरण फिनलंडचे. तेथे २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजरातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. गाजर निराळे आणि गाजरातून काढलेली गोळी निराळी. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना ड जीवनसत्त्व पाच वर्षे देऊन पाहिले. २०१८ साली जाहीर झाले की, सर्वसाधारण निरोगी माणसांत त्याने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे टळत नाही, आणि हाडे मोडण्याचेही टळत नाही असे २०२२ साली दिसले. ज्यांच्या अंगात खरोखर कमतरता आहे त्यांची गोष्ट वेगळी. इतिहासातून एवढाच नियम मला दिसतो: जेथे उणीव आहे तेथे पूरक द्रव्य संजीवनीसारखे काम करते; जेथे उणीव नाही तेथे ते फार तर निरुपयोगी, आणि कधी घातक. तेव्हा पहिला प्रश्न कोणती बाटली हा नसून कोणाची आणि कशाची उणीव, हा आहे. विल्सबाईंनी तोच विचारला होता.

दुर्दैव असे की, बाजार हा प्रश्न उलटा करतो. ज्याच्या ताटात पुष्कळ आहे त्याच्या दाराशी बाटल्यांची रांग लागते. ज्याच्या ताटात नाही त्याच्यापर्यंत एक गोळी पोहोचवायला पन्नास वर्षे पुरत नाहीत. म्हणून माझ्यासारख्याला वाटते की, डाळीचा भाव, रेशनच्या दुकानातले धान्य, शाळेतल्या खिचडीतले अंडे, किमान वेतन आणि पेन्शन हे सारे आरोग्याच्याच खात्यातले विषय आहेत. निरोगी म्हातारपण साठाव्या वर्षी बाटलीतून सुरू होत नाही. ते आईच्या पोटात सुरू होते, आणि आईच्या आधी तिच्या ताटात.

दादांचे काय झाले, हे सांगून थांबतो. डॉक्टरांनी त्यांचे रक्त तपासले. बी-बारा कमी निघाले, ते ठेवले. बाकीच्या पाच बाटल्या बंद केल्या आणि त्यांच्या पैशात रोज दूध, डाळ, मिळाले तर एखादे अंडे घ्या आणि संध्याकाळी चाला, असे सांगितले. दादा खूश झाले. निघताना डॉक्टरांनी सहज विचारले, "बरोबर कोण आलं आहे?" बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. त्यांना आत बोलावले. त्यांचे वय बासष्ट, पूर्वी त्याही गिरणीत वाइंडिंगला होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचेही रक्त तपासावयास दिले. त्यांचे हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघाले.

सहा बाटल्यांतली एकही त्यांच्या नावाची नव्हती. घरात कोणी विचारले नव्हते, युनियनच्या कचेरीत मीही विचारले नव्हते. सरकारी दवाखान्यात त्यांना लोहाची गोळी फुकट मिळाली आणि रक्त का कमी झाले याची पुढची तपासणी सुरू झाली. "तुम्ही जेवता कधी?" असे डॉक्टरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर."

आज घरी गेल्यावर आपणही आपल्या घरात हा प्रश्न विचारून पाहा, एवढीच विनंती.